कमी ऑक्सिजनमधल्या कर्कपेशी आणि त्यांच्या पुटिका : प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

प्रकल्प मंजूर झाला. प्रश्न एका ओळीत लिहून टेबलासमोर चिकटवला आहे: ऑक्सिजन कमी झाला की स्तनाच्या कर्करोगाची एक पेशी खरंच जास्त पुटिका बाहेर सोडते का? मॅडमनी 'एक पेशी' या शब्दांखाली लाल रेघ मारली आणि म्हणाल्या, "सगळं काम या दोन शब्दांसाठी आहे. मिलिलीटरमागे किती, हे कुणीही सांगेल."

पुढच्या विद्यार्थ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी पटलात गुंडाळलेल्या बारीक पुटिका बाहेर टाकत असते. त्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिलीत बाहेरच्या पटलालाच फुगवटा येतो आणि तो तुटून सुटा होतो. या सूक्ष्मपुटिका साधारण १०० ते १००० नॅनोमीटरच्या असतात. दुसरीत पेशीच्या आतल्या एका पिशवीत छोट्या पुटिका साठतात, ती पिशवी पेशीपटलाला येऊन मिळते आणि आतला ऐवज बाहेर पडतो. हे एक्झोसोम, ३० ते १५० नॅनोमीटरचे. १९८३ मध्ये माँट्रियालला रोझ जॉनस्टोन यांच्या आणि सेंट लुईसला फिलिप स्टाल यांच्या गटाने तांबड्या रक्तपेशी पक्व होताना पाहिल्या. पेशीला नको झालेले ट्रान्सफरिन रिसेप्टर (पेशीत लोह आणणारी पटलावरची प्रथिनं) या वाटेने बाहेर पडत होते. पुढची बरीच वर्षं या पुटिका म्हणजे पेशीचा केरकचरा असंच मानलं गेलं. २००७ मध्ये गोथेनबर्गच्या यान लोटवाल यांच्या गटाला त्यांच्यात आरएनए सापडला, तोही दुसऱ्या पेशीत जाऊन प्रथिन बनवू शकणारा. तिथून या विषयाकडे पाहण्याची नजर बदलली.

आता ऑक्सिजनची बाजू. गाठ वाढते त्या वेगाने रक्तवाहिन्या वाढत नाहीत. १९५५ मध्ये थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे काप तपासून दाखवलं की रक्तपुरवठ्यापासून सुमारे १५० ते २०० मायक्रोमीटरपलीकडे पेशी मरून पडलेल्या असतात. जिवंत आणि मृत भागांच्या मधल्या पट्ट्यात उपाशी पण जिवंत पेशी असतात, आणि त्या सर्वांत चिवट. किरणोपचार त्यांच्यावर नीट चालत नाहीत. तेवढाच परिणाम हवा असेल तर अडीच ते तीनपट मात्रा लागते. अशा पेशी पुटिकांमधून शेजाऱ्यांना काही पाठवत असतील, तर ते काय आणि किती, हे कळायलाच हवं. या कामात मला जो रस आहे तो इथून आलेला आहे.

१२ जून

स्तनाच्या कर्करोगाच्या एमडीए-एमबी-२३१ पेशी आल्या. त्या मूळच्या ५१ वर्षांच्या एका स्त्रीच्या फुप्फुसाभोवती साचलेल्या पाण्यातून घेतलेल्या. ट्रिपल निगेटिव्ह (नेहमीची औषधं ज्यांना लक्ष्य करतात ते तिन्ही रिसेप्टर नसलेल्या), चपळ, पसरणाऱ्या. कमी ऑक्सिजन आणि पुटिका या विषयावरच्या जुन्या कामात याच पेशी वापरल्या गेल्यात, त्यामुळे तुलना करता येईल.

मीडियमचा (पेशी ज्यात वाढतात त्या द्रवाचा) प्रश्न आधी सोडवला. या पेशींसाठी एल-१५ मीडियमची शिफारस असते, पण ते साध्या हवेत वापरायचं असतं, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये नाही. आमच्या कमी ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये कार्बन डायऑक्साइड असणारच. म्हणून सगळ्या पेशी डीएमईएम या दुसऱ्या मीडियमवर आणायच्या, आणि काही पॅसेज (पेशी विभागून नव्या फ्लास्कमध्ये वाढवण्याच्या फेऱ्या) होऊन त्या स्थिरावल्यावरच मोजायला घ्यायच्या.

मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची तपासणी दर महिन्याला. एरवीही ती करतात, पण इथे तिच्यावर सगळं अवलंबून आहे. मायकोप्लाझ्मा ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून निसटतो, आकाराने आमच्या पुटिकांच्या पंक्तीत बसतो, वर स्वतःच्याही पुटिका सोडतो. एक दूषित फ्लास्क असला तर यंत्र ते सगळं इमानाने मोजून देईल आणि आपण त्याला कर्कपेशीचा संदेश समजू.

१९ जून

चेंबर बसवला. तयार मिश्रणाचं सिलिंडर आहे: १ टक्का ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन.

सगळे '१ टक्का' लिहितात, पण पेशीला टक्के कळत नाहीत, दाब कळतो. आणि आपण पुण्यात आहोत, समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. इथला हवेचा दाब सुमारे ७१० मिलिमीटर पारा धरला, तर ३७ अंशांना पाण्याच्या वाफेचे ४७ वजा करून ६६३ उरतात. साध्या इन्क्युबेटरमध्ये ५ टक्के कार्बन डायऑक्साइड धरून ऑक्सिजनचा दाब १३२ च्या आसपास येतो. मुंबईला तोच १४२. आमच्या '१ टक्क्या'चा दाब ६.६, मुंबईत ७.१. फरक फार नाही, पण वहीत टक्क्यांशेजारी मिलिमीटरही लिहायचे असं ठरवलं. शरीराच्या आतली निरोगी ऊतीही १३२ सहसा पाहत नाही. म्हणजे ज्याला आपण 'सामान्य' म्हणतो ती पेशीसाठी चैन आहे. म्हणून मधला एक गट ५ टक्क्यांचा ठेवला.

मीडियम आदल्या रात्रीच चेंबरमध्ये, झाकण सैल करून. बाटलीतल्या मीडियममध्ये हवेचा ऑक्सिजन विरघळलेला असतो, आणि फ्लास्कच्या पॉलिस्टायरीनमध्येही तो मुरलेला असतो. चेंबरच्या काचेवर १ टक्का दिसायला लागला म्हणून पेशींच्या तळाशी १ टक्का झाला असं होत नाही, त्याला तास लागतात. उलटंही खरं आहे. साध्या इन्क्युबेटरमध्ये पेशी दाटीने वाढल्या आणि वर मीडियमचा जाड थर असला, तर तळाशी त्या स्वतःच ऑक्सिजन संपवतात आणि आपला 'सामान्य' गट नकळत अर्धपोटी राहतो. त्यामुळे सर्व फ्लास्कमध्ये मीडियम सारखं आणि पातळ थराचं.

२६ जून

पेशींना ऑक्सिजनची टंचाई जाणवली का, याचा पुरावा पुटिका मोजायच्या आधी हवा. तो पुरावा म्हणजे एचआयएफ-१ अल्फा. हे प्रथिन पेशी सतत बनवते आणि सतत मोडते. ऑक्सिजन असताना पीएचडी नावाचे एन्झाइम त्याच्या ४०२ आणि ५६४ क्रमांकाच्या प्रोलिन या अमिनो आम्लांवर हायड्रॉक्सिल गट बसवतात. ती खूण व्हीएचएल हे दुसरं प्रथिन ओळखतं आणि एचआयएफ-१ अल्फा प्रोटिएसोमकडे, म्हणजे प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रणेकडे, रवाना होतं. ऑक्सिजन नसला की खूण बसत नाही, प्रथिन साठतं, केंद्रकात जातं आणि शेकडो जनुकं चालू करतं. केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना २०१९ चं नोबेल या उलगड्यासाठीच मिळालं.

अडचण वेळेची आहे. ऑक्सिजन परत मिळाला की एचआयएफ-१ अल्फाचं अर्धायुष्य ५ मिनिटांच्या आसपास. चेंबर उघडून फ्लास्क बाहेर काढला, हूडपर्यंत नेला, झाकण उघडलं, मीडियम ओतलं, एवढ्यात ब्लॉटवरची (प्रथिन ओळखायच्या चाचणीतली) पट्टी फिकी झालेली असते. म्हणून बर्फाचा ट्रे, थंड बफर आणि स्क्रेपर चेंबरच्या शेजारी मांडून ठेवले. एकाने दार उघडायचं, दुसऱ्याने तिथल्या तिथे मीडियम काढून बफर घालायचा. एमएस्सीच्या मुलाचा हात चांगलाच चालतो.

रात्री ब्लॉट उठला. १ टक्क्याच्या रांगेत ११० ते १२० किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) मध्ये ठळक पट्टी, ५ टक्क्यांत पुसटशी, साध्या हवेत जवळजवळ काही नाही. अमिनो आम्लांच्या हिशेबाने हे प्रथिन ९३ च्या जवळ असायला हवं, पण जेलवर ते वरच दिसतं. नव्या मुलांनी घाबरू नये. सोबत एचआयएफ चालू करतो त्या कार्बॉनिक अॅनहायड्रेज-९ या प्रथिनाची पट्टीही आली. ती उशिरा चढते आणि उशिरा उतरते, त्यामुळे हाताळणीत थोडा वेळ गेला तरी साक्ष देते.

कोबाल्ट क्लोराइड घालून चेंबरशिवाय हाच परिणाम आणता येतो, असं वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतून सुचवलं गेलं. स्वस्त आहे, मान्य. पण कोबाल्ट स्वतः पेशीला जाच करतो, आणि जाच झालेली पेशी पुटिका जास्त सोडते. आपल्या प्रश्नासाठी ते चालणार नाही.

४ जुलै

सीरम. पेशींना वाढायला १० टक्के गोवंशीय सीरम लागतं आणि त्या सीरममध्ये वासराच्या स्वतःच्या पुटिका खच्चून भरलेल्या असतात. ते तसंच ठेवून मोजलं, तर आपण कर्कपेशीपेक्षा वासराचाच अभ्यास करू.

दोन मार्ग आहेत. सीरमच द्यायचं नाही, किंवा सीरममधल्या पुटिका आधी काढून टाकायच्या. पहिला स्वच्छ आहे, पण उपाशी पेशीवर दुसरी उपासमार लादायची आणि मग परिणाम ऑक्सिजनचा म्हणायचा, हे पटत नाही. दुसरा मार्ग घेतला: पातळ केलेलं सीरम सेंट्रीफ्यूजमध्ये १ लाख जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या १ लाख पट) १८ तास, वरचा भाग अलगद काढायचा, फिल्टर करायचा. तरीही थोडं उरतंच. म्हणून प्रत्येक खेपेला पेशी नसलेला एक फ्लास्क, तेच मीडियम, तेच तास, तोच चेंबर, तीच सगळी प्रक्रिया. या कोऱ्या नमुन्यात येतील तितके कण वजा.

बाहेर पाऊस, वीज दोनदा गेली. अल्ट्रासेंट्रीफ्यूज रात्रभर चालवायचं म्हणजे यूपीएसवर भरवसा ठेवणं आलं. इन्स्ट्रुमेंट रूमच्या काकांनी सांगितलं, रात्रीच्या खेपा दुपारी लावा म्हणजे पहाटे उतरवता येतील, जनरेटरचा माणूस तोवर असतो. त्यांचं ऐकलं.

११ जुलै

पहिली पूर्ण खेप. ४८ तासांचं मीडियम गोळा केलं. आधी ३०० जी, पेशी खाली. मग २००० जी, मेलेल्या पेशींचे तुकडे खाली. मग १०,००० जी अर्धा तास. हा गाळ बरेच जण टाकून देतात, आम्ही 'मोठ्या' असं लिहून ठेवला. मग १ लाख जी ७० मिनिटं. बफरमध्ये धुऊन पुन्हा १ लाख जी.

शेवटचा गाळ दिसत नाही, हे पहिल्यांदा करणाऱ्याला कुणी सांगत नाही. नळी रोटरमधून काढली की आत नुसतं पाणी वाटतं. म्हणून रोटरमध्ये ठेवतानाच नळीच्या बाहेरच्या अंगाला मार्करने टिंब काढायचं. गाळ त्या टिंबाच्या आत, तळापासून जरा वर चिकटतो. वरचं पाणी विरुद्ध बाजूने ओतायचं, नळी टिश्यूवर उपडी धरायची, मग १०० मायक्रोलीटर बफर त्या टिंबाच्या जागी पुन्हा पुन्हा हलक्या हाताने फिरवायचा. आज उजेडाकडे धरून पाहिलं तर टिंबामागे नखाच्या टोकाएवढा पिवळसर डाग होता. तो निव्वळ पुटिकांचा असतो असंही नाही, प्रथिनांचे गोळेही त्यात बसतात.

बफर ०.१ मायक्रोमीटरने गाळून घेतलेला. साध्या फॉस्फेट बफरमध्येही यंत्राला दिसतील एवढे बारीक कण असतात.

१८ जुलै

एनटीए, म्हणजे हालचालीवरून कण मोजणारं यंत्र. लेझरचा पातळ पडदा, त्यातून जाणारे कण प्रकाश विखुरतात, कॅमेरा ते टिपतो. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके थरथरत असतात. लहान कण जास्त उसळतो, मोठा संथ हलतो, आणि त्या हालचालीवरून संगणक प्रत्येक कणाचा व्यास काढतो. यंत्र कणाला ओळखत मात्र नाही. पुटिका, प्रथिनाचा गोळा, सीरममधलं लिपोप्रोटीन, सगळे तिथे सारखेच ठिपके. कॅमेऱ्याची पातळी एकदा ठरवली की सर्व नमुन्यांना तीच, आणि एका चौकटीत २० ते १०० ठिपके दिसतील इतपत नमुना पातळ करायचा.

नमुन्यांवरची लेबलं झाकून दिली होती. लेबलं उघडली तेव्हा १ टक्क्याचे नमुने उठून वर होते. शिखर दोन्हीकडे १०० ते १५० नॅनोमीटरच्या मध्ये, म्हणजे आकार तसाच आणि संख्या वाढलेली. एमएस्सीच्या मुलाला फार आनंद झाला. मलाही झाला.

ब्लॉटवर सीडी६३, सीडी८१ आणि टीएसजी१०१ ही पुटिकांची ओळख पटवणारी प्रथिनं आली. कॅलनेक्सिन आलं नाही, म्हणजे पेशीच्या आतल्या जाळ्याचे तुकडे फारसे नाहीत.

२५ जुलै

आलेख मॅडमना दाखवला. त्यांनी विचारलं, "छेद काय धरलास?"

१८ तारखेचा आलेख मिलिलीटरमागे आहे. आता पेशीमागे. चेंबरमधल्या पेशी संथ वाढतात, त्यामुळे ४८ तासांनी त्यांची संख्या कमी भरते. अंश वाढलेला आणि छेद घटलेला, म्हणून पेशीमागचा आकडा आणखीच मोठा दिसतो. बहुतेक जण इथे थांबतात. पण शेवटी मोजलेल्या पेशी संपूर्ण वेळ तितक्याच नव्हत्या.

कागदावर एक उदाहरण मांडलं. दोन फ्लास्क, दोन्हींत सुरुवातीला १० लाख पेशी, वेळ २४ तास. साध्या हवेत २० लाख झाल्या, कमी ऑक्सिजनमध्ये १४ लाख. दोन्हींतून कण अगदी सारखेच मिळाले असं धरू. शेवटच्या संख्येने भागलं तर कमी ऑक्सिजनच्या पेशीचं उत्पादन १.४३ पट दिसतं. आता पेशी-तास काढू (एक पेशी एक तास होती म्हणजे एक पेशी-तास). वाढ घातांकी धरली तर पेशी-तास म्हणजे (शेवट वजा सुरुवात) गुणिले वेळ, भागिले त्या दोन संख्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग. साध्या हवेत ३४६ लाख पेशी-तास, कमी ऑक्सिजनमध्ये २८५ लाख. गुणोत्तर १.२१. पहिल्या हिशेबात दिसलेली ४३ टक्के वाढ २१ टक्क्यांवर आली. पेशींच्या वागण्यात काहीही न बदलता, निव्वळ छेद बदलून.

मला हे मोलाचं वाटतं. प्रकाशित कामांत 'पेशीमागे' असं लिहिलेलं असतं, पण कुठल्या क्षणीची पेशी ते लिहिलेलं नसतं.

आमच्या नमुन्यांना हाच हिशेब लावला. वाढ उरली. पहिल्या आलेखातल्यापेक्षा बरीच लहान, पण प्रत्येक खेपेत त्याच दिशेने.

प्रथिनाच्या मायक्रोग्रॅमने भागायची सूचनाही आली होती. ती नाकारली, कारण गाळातल्या प्रथिनात सीरमचं अल्ब्युमिनही येतं. तो छेद ज्याला छेदायचं त्याच्याशीच गुंतलेला आहे.

२८ जुलै

दाटीचा परिणाम वेगळा काढायलाच हवा. साध्या हवेत वेगवेगळ्या संख्येने पेशी लावून, प्रत्येकीचे पेशी-तासामागचे कण काढले आणि त्यांची रेषा आखली. विरळ पेशी जास्त सोडतात, दाट पेशी कमी. म्हणजे चेंबरमधला फ्लास्क विरळ राहिला एवढ्यानेच त्याचा आकडा थोडा चढणार. आता प्रत्येक कमी ऑक्सिजनच्या नमुन्याची तुलना याच रेषेवरच्या तितक्याच दाटीच्या बिंदूशी करायची. वाढ अजून थोडी आखडली, पण रेषेच्या वरच राहिली.

मृत पेशींचंही पाहिलं. ट्रिपॅन ब्लूने १ टक्क्यावर मेलेल्या पेशी थोड्या जास्त, अॅनेक्सिनने मरणाच्या वाटेवरच्या आणखी काही. मरणारी पेशी फुटते तेव्हा लहान पुटिकाही सांडते आणि त्या २००० जी ला खाली जात नाहीत. त्यासाठी एक नमुना साखरेच्या घनतेच्या थरांवर तरंगवून पाहिला. सीडी६३ चा भाग १.१३ ते १.१९ ग्रॅम प्रति मिलिलीटरच्या पट्ट्यात आला, जिथे यायला हवा तिथे.

५ ऑगस्ट

वाचनाचा दिवस. किंग, मायकल आणि ग्लीडल यांचं २०१२ चं काम पुन्हा नीट वाचलं. स्तनाच्या कर्करोगाच्या तीन पेशीवंशांवर, १ आणि ०.१ टक्के ऑक्सिजनमध्ये पुटिका वाढल्या. एचआयएफ-१ अल्फा बंद पाडला तर वाढ थांबली, आणि पुटिकांमध्ये मायक्रोआरएनए-२१० (जनुकांचं काम आवरणारा एक छोटा आरएनए) जास्त मिळाला. सेमेंझा यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की एचआयएफ रॅब२२ए हे जनुक चढवतो आणि त्यातून पेशीपटलावरच्या सूक्ष्मपुटिका वाढतात. मेंदूच्या ग्लायोमावर लुंडच्या गटाचं २०१३ चं काम सांगतं की पुटिकांच्या आतला माल गाठीतल्या ऑक्सिजनच्या स्थितीची साक्ष देतो.

वाचताना एक प्रश्न सतत डोक्यात होता. एक्झोसोमची पिशवी भरल्यावर तिच्यापुढे दोन रस्ते असतात: पेशीपटलाकडे जाऊन रिकामी होणं, किंवा लायसोसोमकडे जाऊन पचून जाणं. बाहेर जास्त पुटिका आल्या, तर त्या जास्त बनल्या म्हणूनही असेल किंवा कमी पचल्या म्हणूनही. प्रथिनांपैकी रॅब२७ए पहिल्या रस्त्यावरचा, रॅब७ आणि लॅम्प दुसऱ्या रस्त्यावरचे. अंडाशयाच्या कर्करोगावरच्या कामात कमी ऑक्सिजनमुळे पहिला चढलेला आणि दुसरे उतरलेले मिळाले आहेत. आमच्याकडेही या प्रथिनांचे ब्लॉट करायचे. नुसती बाहेरची मोजणी या दोन शक्यता कधीच वेगळ्या करू शकणार नाही.

२० ऑगस्ट

चेंबरमधलं मीडियम पिवळं पडतंय. फिनॉल रेडचा लाल रंग नारिंगीकडून पिवळ्याकडे जातो, कारण ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज जाळणारी पेशी लॅक्टिक आम्ल ओतते. मेलॅनोमावर रोमच्या गटाने २००९ मध्ये दाखवलंय की आम्लता स्वतःच एक्झोसोमची ये-जा वाढवते. मग आपण मोजतोय ते ऑक्सिजनचं की आम्लाचं?

दोन उलटसुलट गट लावले. एकात साधी हवा पण मीडियम मुद्दाम आम्ल केलेलं. दुसऱ्यात १ टक्का ऑक्सिजन पण हेपीस या बफरने आम्लता वाढू न देता धरून ठेवलेली, ग्लुकोजही मध्ये भरलेलं. आम्लाने एकट्याने थोडी वाढ दिली. आम्लता धरून ठेवली तेव्हा १ टक्क्याची वाढ कमी झाली, पण संपली नाही. म्हणजे दोन्ही हात लावतायत. खऱ्या गाठीत ते वेगळे नसतातच, पण औषध शोधणाऱ्याला वेगळे माहीत असायला हवेत.

२५ ऑगस्ट

गणपतीसाठी बरेच जण गावी चाललेत. पेशींचं पाणी बदलायला मी आहे. नव्या कुप्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये, पॅसेज नंबर पाटीवर लिहिला.

१२ सप्टेंबर

आज सर्वांत समाधानाची नोंद. डीएमओजी हे रसायन पीएचडी एन्झाइमना अडवतं, म्हणजे भरपूर हवेतही पेशीला ऑक्सिजन नाही असं 'वाटतं'. साध्या हवेत ते दिलं आणि पुटिका पेशी-तासामागे वाढल्या, आम्लता फारशी न बदलता. उलट बाजूने, एचआयएफ-१ अल्फा बनू न देणारा छोटा आरएनए (एसआयआरएनए) देऊन पेशी चेंबरमध्ये ठेवल्या तर वाढीचा मोठा भाग गेला. टंचाईपेक्षा टंचाईचा संदेश काम करतोय, आणि तो संदेश बहुतांशी याच प्रथिनातून जातोय. किंग यांच्या निष्कर्षाशी हे जुळतं, आणि आता ते आमच्या कडक छेदावरही टिकलं.

एसआयआरएनए पेशीत नेणारा लिपिडचा अभिकर्मक स्वतःच शंभरेक नॅनोमीटरचे कण बनवतो आणि एनटीए ते पुटिका म्हणून मोजतं. म्हणून तो दिल्यावर पेशी धुऊन मीडियम बदलायचं, आणि निरर्थक क्रमाचा एसआयआरएनए त्याच अभिकर्मकासह शेजारी चालवायचा. हे केलं नसतं तर परिणाम झाकला गेला असता.

एचआयएफ काढूनही थोडी वाढ उरली. ती आम्लाची असावी असं मॅडमचं मत. मला लायसोसोमचा संशय आहे, कारण रॅब७ ची पट्टी १ टक्क्यावर खरंच उतरलेली दिसते.

आणि 'मोठ्या' लिहून ठेवलेला १०,००० जी चा गाळ! त्यातही वाढ आहे, किंबहुना प्रमाणाने अधिक. सेमेंझा यांच्या कामाने सुचवलेलं होतंच. आपण सगळे एक्झोसोमच्या मागे लागतो आणि सूक्ष्मपुटिका मोरीत ओततो, याचं मला वाईट वाटतं.

२४ सप्टेंबर

मायक्रोआरएनए-२१० मोजला. आरएनए काढायच्या आधी नमुना प्रोटिनेज आणि आरएनेजमधून नेला, म्हणजे पुटिकेच्या बाहेर चिकटलेला आरएनए निघून जातो आणि आत सुरक्षित असेल तोच उरतो. कमी ऑक्सिजनच्या पुटिकांत तो जास्त आहे. पेशीच्या आतही तो चढलेलाच आहे, त्यामुळे पेशी तो मुद्दाम निवडून भरते की आत जास्त आहे म्हणून आपोआप जातो, हे यातून सांगता येत नाही. तसं लिहिणार नाही.

इथेही छेद आडवा येतो. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने मोजून दाखवलं की कुठल्याही एका मायक्रोआरएनएची सरासरी एका एक्झोसोममागे एक प्रतही भरत नाही, कित्येक पुटिकांमध्ये मिळून एखादी असते. मग 'पुटिका मायक्रोआरएनए-२१० पोचवतात' या वाक्याचा अर्थ काय घ्यायचा? थोड्याच पुटिका भरलेल्या असतील, किंवा परिणाम दुसऱ्याच घटकाचा असेल, पटलावरच्या प्रथिनांचासुद्धा. पुढचे स्वीकारणाऱ्या पेशींवरचे प्रयोग हे लक्षात ठेवून आखायचे. दोन्ही गटांच्या पुटिका समान संख्येने दिल्या तर मालाचा फरक कळेल, समान पेशी-तासांमागच्या दिल्या तर गाठीत प्रत्यक्ष काय होत असेल ते कळेल. दोन्ही करायचे.

९ ऑक्टोबर

मॅडमशी पुढच्या टप्प्यावर बोलणं झालं. मी तोंडाच्या कर्करोगाचा आग्रह धरला. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू गालात धरायची सवय गेलेली नाही, आणि गाल-हिरडीचा कर्करोग आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो. २०१६ मध्ये एका गटाने दाखवलं की कमी ऑक्सिजनमधल्या तोंडाच्या कर्कपेशींच्या एक्झोसोममधून मायक्रोआरएनए-२१ भरपूर हवा मिळणाऱ्या पेशींकडे जातो आणि त्या जास्त पसरू लागतात. त्यात एचआयएफ-१ आणि एचआयएफ-२ दोन्हींचा वाटा आहे. गाठीच्या उपाशी पट्ट्यातून बाहेरच्या सुस्थितीतल्या पेशींपर्यंत असा संदेश जात असेल, तर शस्त्रक्रियेत नुसत्या डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या कडेचाही विचार करावा लागेल.

मॅडम तयार झाल्या. अट एकच, छेदाची शिस्त तीच.

३ नोव्हेंबर

सगळी माहिती एकत्र लावली. आलेखाच्या प्रत्येक पानावर तीन रकाने शेजारी शेजारी: मिलिलीटरमागे, शेवटच्या पेशीमागे, पेशी-तासामागे दाटी जुळवून. मला फक्त तिसरा द्यायचा होता. मॅडम म्हणाल्या, "वाचणाऱ्याला तिन्ही दे. वाढ कुठे कुठे गळाली ते त्यालाही दिसू दे." बरोबर आहे. पुटिकांच्या अभ्यासासाठीच्या एमआयएसईव्ही २०२३ या मार्गदर्शक सूचनांनुसार पेशींची संख्या, जिवंत-मृत टक्केवारी, मीडियम गोळा करण्याचे तास, रोटरचा प्रकार आणि कोरा नमुना हे सगळं जोडलं. अलगीकरणाची पद्धत ईव्ही-ट्रॅक या पुटिका-प्रयोगांच्या नोंदसंग्रहात नोंदवायची आहे, तो अर्ज अर्धा भरला.

सीएएल-२७ या जिभेच्या कर्करोगाच्या पेशींची कुपी उद्या वितळवायची. आधी मायकोप्लाझ्मा, मग साध्या हवेत दाटीची रेषा, आणि ती रेषा हातात आल्यावरच चेंबर. ऑक्सिजनच्या सेन्सरचं कॅलिब्रेशन या आठवड्यात संपतंय. गॅसवाल्याला नवीन सिलिंडर सांगितलं आहे, बिलासाठी मॅडमची सही घ्यायची.